बेवारस नव्हती

३ मार्च २०२५, सोमवार

कपडे वाळत घालून आत आले तेवढ्यात बेल वाजली. दारात दोन माणसं होती. एक कोर्टाचे बेलिफ, श्री. रोस्लान, पन्नाशीचे, गळ्यात ओळखपत्र. दुसरा तरुण, पार्किंग कंपनीचा माणूस, नाव जेसन. जेसनने विचारलं, "मिस्टर निशिकांत?"

मी म्हटलं, "हे घरी नाहीत."

"कधी येतील?"

तेवढ्यात रोस्लाननी कागद पुढे केला. त्यावर नाव होतं 'सबनीस शैला निशिकांत', म्हणजे मीच. मी माझं ओळखीचं कार्ड दाखवलं. इथे परदेशात कार्डावर नाव एका ओळीत असतं आणि आमचं आडनाव आधी छापलंय. त्यामुळे ह्यांचं नाव शेवटी येतं आणि इथल्या लोकांना तेच आडनाव वाटतं. जेसन कार्डाकडे बघून म्हणाला, "म्हणजे मिस्टर निशिकांत तुम्हीच?"

"मी मिसेस सबनीस. मिस्टर ऑक्टोबरमध्ये वारले."

"सॉरी, ऑन्टी," तो म्हणाला. फाइल मात्र बंद केली नाही.

गाडी माझ्या नावावर आहे. हे बोटीवर असायचे, म्हणून कागदोपत्री सगळं माझ्या नावावर. ऑक्टोबरात गाडी एका इमारतीच्या लोडिंग बेमध्ये, मालाच्या गाड्यांच्या जागी, उभी होती, त्याचा दंड. तो भरला नाही म्हणून कंपनी कोर्टात गेली, मी हजर राहिले नाही म्हणून निकाल त्यांच्या बाजूने लागला. आता दंडावर कोर्टाचा खर्च आणि त्यावर बेलिफची फी. मूळ दंड लहानसाच होता.

कारणाच्या रकान्यात दोन शब्द होते. ॲबंडन्ड व्हेइकल.

मी ते दोनदा वाचलं. आपल्याकडे पोलीस चौकीच्या भिंतीला गंजलेल्या गाड्या लावलेल्या असतात, चाकं गेलेली, आत गवत उगवलेलं. त्यांना जे म्हणतात तेच हे. बेवारस.

मी म्हटलं, "गाडी खाली उभी आहे. दर शुक्रवारी मी पुसते. ती बेवारस कशी?"

रोस्लान म्हणाले, "ऑन्टी, मी फक्त ऑर्डर घेऊन आलोय. आज पैसे भरलेत तर मी आत्ता परत जातो. भांडण संपलं."

पैसे होते. बँकेचं कार्ड पर्समध्येच होतं.

"नाही भरणार."

"मग मला सामानाला सील लावावं लागेल."

"लावा."

त्यांनी टीव्हीला लावलं, सोफ्याला लावलं, जेवणाच्या टेबलाला, मुलाने, तन्मयने, आणून दिलेल्या व्यायामाच्या सायकलला. प्रत्येक वस्तूवर एक छापील कागद चिकटवला आणि यादीत लिहिलं. ह्यांची वेताची खुर्ची ओलांडून पुढे गेले. मी म्हटलं, "ही राहिली."

"जुनी आहे, ऑन्टी. हिला व्हॅल्यू नाही."

मला एकदम राग आला. "व्हॅल्यू कोण ठरवणार? हिला लावा. आणि त्या लिहायच्या टेबलालाही लावा."

रोस्लाननी माझ्याकडे बघितलं, जेसनकडे बघितलं, आणि लावलं. मग नियम सांगितला. सील लावलेली वस्तू विकायची नाही, कोणाला द्यायची नाही, घराबाहेर न्यायची नाही.

"माझ्या मुलालाही नेता येणार नाही?"

"कोणालाच नाही."

मी बरं म्हटलं. पाणी विचारलं. रोस्लानचा रोजा होता. जेसन दोन ग्लास प्यायला.

शनिवारी तन्मय माझं सामान त्याच्या घरी न्यायला माणसं आणणार होता. त्याला कळवायला हवं.

४ मार्च, मंगळवार

लिहायच्या टेबलावरची पत्रं फोडली. टेबलाला सील असलं तरी वरच्या पत्रांना नाही, हे मी रोस्लानना विचारून घेतलं होतं.

सगळं त्यात होतं. दंडाची नोटीस, आठवण, दुसरी आठवण, वकिलाचं पत्र, कोर्टाचं. पाकिटांवर 'मिस्टर निशिकांत' छापलेलं.

तन्मय विचारेल की तू ही फोडली का नाहीस, म्हणून इथे लिहून ठेवते. हे तीस वर्षं बोटीवर होते, शेवटी चीफ इंजिनिअर. एकदा गेले की सहा-सहा महिने नसायचे. आलेलं टपाल मी ह्या टेबलावर ठेवत असे. ह्यांच्या नावाचं पत्र मी कधी फोडलं नाही. तसा काही नियम नव्हता. हे साइन-ऑफ होऊन, म्हणजे बोटीवरची फेरी संपवून, आले की दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन खुर्चीत बसायचे आणि एकेक फोडायचे. मी कपडे धुवायला टाकत असायची, हे तिथून मोठ्याने सांगायचे, अमक्याचं लग्न झालं, तमक्याने पैसे परत केले. ऑक्टोबरनंतर जे टपाल आलं तेही मी तिथेच ठेवलं. हात तिकडेच गेला.

हे गेले त्या दिवशीचंही लिहिते, कारण पुढे सांगावं लागेल असं दिसतं. हे रॅफल्स प्लेसला एका जुन्या स्नेह्याला भेटून परत येत होते. वाटेत छातीत दुखायला लागलं. जी पहिली इमारत दिसली तिच्या आत गाडी घेतली, मालाच्या गाड्या लागतात त्या जागी उभी केली आणि खाली उतरून सिक्युरिटीवाल्याकडे पाणी मागितलं. त्यानेच अँब्युलन्स बोलावली. मी पोचले तेव्हा उशीर झाला होता. गाडी दोन दिवस तिथेच राहिली. तिसऱ्या दिवशी तन्मय दुसरी किल्ली घेऊन गेला तर गाडी सुरू होईना. बॅटरी उतरली होती. ह्यांनी चारही दिवे लुकलुकत ठेवले होते.

गाडी टाकून जाणारा माणूस दिवे लावून जात नाही.

८ मार्च, शनिवार

तन्मय नातीला, इराला, घेऊन आला. माणसांना त्याने येऊ नका म्हणून सांगितलं होतं, पण चिडलेला होता. सगळ्या घरभर सील बघून कपाळाला हात लावला.

"आई, रक्कम सांग. मी आत्ता फोनवरून भरतो."

"भरू नकोस."

"अगं, पण का? आपली चूक आहे. नोटिसा आल्या, आपण उघडल्या नाहीत."

"भरलं म्हणजे कबूल केलं."

"काय कबूल केलं? पार्किंगचा फाइन आहे. खून नाही केला आपण."

"शब्द वाच तू. त्या शब्दाला मी पैसे भरणार नाही."

त्याने वाचला. "हे लोक काहीही लिहितात. त्यांना काय माहीत?"

"तेच. माहीत नाही तर लिहू नये."

मग तो नेहमीच्या विषयावर आला. सुनेने, गार्गीने, खोली तयार केली आहे, हा फ्लॅट भाड्याने देता येईल, मी इथे एकटी काय करते, रात्री काही झालं तर. मी म्हटलं, आता तर काहीच हलवता येत नाही. कोर्टाचं सील आहे. गुन्हा होईल.

तन्मयने वेताच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "ते खुर्चीलासुद्धा त्यांनी लावलं?"

"मी लावायला सांगितलं."

इरा एकेक सील वाचत फिरत होती. "आजी, कॅन सिट ऑर नॉट?"

"बस की. बसायला चालतं, हलवायचं नाही."

"वाह, लाइक म्यूझियम," ती म्हणाली आणि खुर्चीत मांडी घालून बसली. तन्मय तिला म्हणाला, "उठ तिथून." मी म्हटलं, बसू दे.

जाताना तन्मयने दारात माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आई, तू रडलीस का गं एकदा तरी?"

मी त्याला डब्यातले लाडू दिले. प्रश्न त्या वेळी विचारण्यासारखा नव्हता. आम्ही पार्किंगबद्दल बोलत होतो.

१० मार्च, सोमवार

समोरच्या मॅडम कोह सकाळी लोखंडी दाराच्या जाळीतून आत बघत होत्या. त्यांना आमच्या घरात काय चाललंय ते हवंच असतं. म्हणाल्या, "यू ओके? नो आह लाँग, हाँ?"

आह लाँग म्हणजे व्याजाने पैसे देणारे गुंड. पैसे थकले की दारावर लाल रंग फेकतात.

मी म्हटलं, "आह लाँग नाही. कोर्ट."

"कोर्ट बेटर," त्या म्हणाल्या. मग गेल्या आणि एक लाल पाकीट घेऊन आल्या, चिनी नववर्षाला पैसे घालून देतात त्यातलं राहिलेलं असावं. जाळीतून आत ढकलत होत्या. आत नोटा होत्या. मी घेतलं नाही. मला वाईट वाटलं की लोकांना मी पैशाला महाग झाले असं वाटतंय. त्यांना समजावलं की पैसे आहेत, पण भरणार नाही.

"व्हाय?"

मी सांगितलं. गाडी, दिवे, बॅटरी. त्यांना सगळं इंग्रजी कळलं असेल असं नाही. शेवटी म्हणाल्या, "युअर हजबंड ऑल्वेज पार्क व्हेरी स्ट्रेट."

हे खरं आहे. दोन्ही बाजूंना सारखी जागा सोडायचे. जमलं नाही तर पुन्हा बाहेर काढून लावायचे, मागे हॉर्न वाजत असले तरी.

संध्याकाळी मॅडम कोहनी भोपळ्याचं सूप ठेवलं दाराशी. भांडं परत करायचं आहे.

१३ मार्च, गुरुवार

कंपनीच्या ऑफिसात गेले. एका कारखान्यांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर. टोकन घेऊन बसायचं. माझ्या शेजारी एक डिलिव्हरीवाला होता, त्याची मोटरसायकल ह्या कंपनीने कुलूप लावून अडवली होती. तो फोनवर कोणाला तरी मलयमध्ये शिव्या देत होता. मला कळत नव्हत्या, पण बरं वाटत होतं.

काउंटरवर मिस वोंग नावाची मुलगी होती. नम्र. मी मृत्यूचा दाखला, अँब्युलन्सचा कागद, बॅटरी दुरुस्तीची पावती, सगळं समोर ठेवलं. ती आत गेली आणि जेसनला घेऊन आली. आज त्याने टाय लावला होता.

जेसन म्हणाला, "ऑन्टी, आधी सांगितलं असतंत तर हे इतकं वाढलंच नसतं. आमच्याकडे स्कीम आहे. घरात मृत्यू झाला असेल तर माफ करतो. कम्पॅशनेट ग्राउंड्स. पूर्ण माफ. बेलिफची फीसुद्धा आम्ही बघतो."

मला बसायला खुर्ची दिली. फॉर्म दिला. मी चष्मा लावून वाचला. वरच लिहिलेलं होतं, मी मान्य करते की वरील वाहन ॲबंडन्ड स्थितीत आढळलं. त्याखाली सहानुभूतीपोटी वगैरे.

"हे मी मान्य करत नाही."

"ही फक्त भाषा आहे. सगळ्यांना हाच फॉर्म."

"मग माझ्यासाठी दुसरा करा. मला माफी नको. माफी चूक केलेल्याला देतात."

जेसन म्हणाला, "ऑन्टी, पैसे झीरो होतायत. झीरो."

"गाडी दोन दिवस उभी होती त्याचे पैसे बाहेर पडताना फाटकावर कापून घेतलेत तुम्ही. ते बरोबर आहे, मी त्याबद्दल बोलत नाही. उभी होती तर उभी होती लिहा. टाकून दिली होती असं लिहू नका. माझे मिस्टर बोटीवर चीफ इंजिनिअर होते. बोट बुडायला लागली तर इंजिनरूममधून शेवटी कोण वर येतं तुम्हाला माहीत आहे? त्या माणसाने स्वतःहून कधी काही टाकलं नाही. आम्हाला कोणी टाकलेलं नव्हतं."

गाडीला म्हणायचं होतं. घाईत आम्हाला म्हटलं गेलं. मिस वोंगने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

जेसन म्हणाला, "मग मी काही करू शकत नाही. लिलाव होईल."

मी म्हटलं, "होऊ दे." फॉर्म परत दिला. कागद गोळा करून निघाले.

१४ मार्च, शुक्रवार

कोर्टात जाऊन अर्ज केला. निकाल रद्द करावा म्हणून. मदतकक्षात एका बाईंनी फॉर्म कसा भरायचा ते दाखवलं आणि वकील आहे का विचारलं. नाही म्हटलं. कारणात मी लिहिलं की पत्रं माझ्या नावाने आलेली नाहीत. बाई म्हणाल्या, हा मुद्दा चांगला आहे. माझ्या डोक्यात मुद्दा दुसराच आहे, पण तो कोणत्या रकान्यात लिहायचा ते त्यांनाही सांगता आलं नाही.

सुनावणीपर्यंत लिलाव थांबवला. सील मात्र तसंच राहील.

राहू दे.

गाडी पुसायची राहिली, ती आल्यावर पुसली.

३० मार्च, रविवार

पाडवा. ह्या वर्षी सण नाहीत, गुढी उभारली नाही. तन्मयचा फोन आला, जेवायला ये म्हणाला. डोकं दुखतंय म्हटलं. डोकं दुखत नव्हतं.

दुपारी खुर्चीत बसले. ह्या खुर्चीत मी कधी बसत नसे. सीलचा कागद हाताला लागतो. एक कोपरा सुटला होता, तो दाबून बसवला.

९ एप्रिल, बुधवार

सुनावणी झाली. सविस्तर लिहिते.

तन्मय रजा घेऊन आला होता. मी नको म्हटलं होतं. बाहेर बाकावर बसून मला शिकवत होता, "आई, विचारतील तेवढंच बोल. बाबांच्या बोटी नकोत." मी म्हटलं, बरं.

खोली लहान होती. मला वाटलं होतं तसा कठडा वगैरे नव्हता, नुसतं मोठं टेबल. निकाल देणाऱ्या रजिस्ट्रार बाई तन्मयपेक्षा लहान असतील. समोर कंपनीचा वकील आणि जेसन. हिंदी किंवा तमिळ दुभाषा हवा का विचारलं. मी म्हटलं, इंग्रजी चालेल, माझी भाषा दोन्हींतली नाही.

वकील म्हणाला, पत्ता बरोबर आहे, पत्रं पोचली आहेत, नावात थोडा फरक असेल.

रजिस्ट्रारनी मला विचारलं, "हे मिस्टर निशिकांत कोण?"

मी ह्यांचं नाव तोंडाने घेत नाही. आमच्या आईच्या वेळी ती पद्धत होती. पुढे पद्धत गेली, माझी सवय राहिली. लग्नात उखाण्यात घेतलं, नंतर कधी हळदीकुंकवाला, तेही बायकांनी दार अडवून धरलं म्हणून. आज दार कोणी अडवलं नव्हतं, पण सगळे थांबले होते.

"निशिकांत माझे पती," मी म्हटलं. "आमच्यात बायकोच्या नावानंतर नवऱ्याचं नाव लावतात. आडनाव सबनीस."

"म्हणजे हे शेवटचं नाव तुमचं नाही?"

"आहे माझंच. पण त्यांचं आहे."

वकिलाने काहीतरी लिहून घेतलं. रजिस्ट्रार म्हणाल्या, "तर कंपनीने पत्रं तुमच्या पतींच्या नावाने पाठवली, आणि गाडी तुमच्या नावावर आहे."

"हो."

"पत्रं घरी आली?"

"आली."

"तुम्ही उघडली नाहीत."

"ह्यांची पत्रं मी उघडत नाही. हे बोटीवर असायचे. मी टेबलावर ठेवायची. आल्यावर हे उघडायचे."

तन्मयने मागून खोकल्यासारखं केलं.

रजिस्ट्रारनी कागद उलटून बघितले. आवाज हळू करून म्हणाल्या, "मॅडम, तुमचे पती ऑक्टोबरमध्ये वारले. ही पत्रं नोव्हेंबरपासूनची आहेत."

"हो."

"मग ती कोण उघडणार होतं?"

मी उत्तर देणार होते. उत्तर होतं माझ्याकडे, पाठ केलेलं, सवयीचा भाग वगैरे. जेसन खाली बघत होता.

"कोणी नाही," मी म्हटलं. आणि पाणी मागितलं.

त्यांनी मला वेळ दिला. मग म्हणाल्या की ज्या व्यक्तीवर दावा आहे तिच्या नावाने कागद गेलेले दिसत नाहीत, म्हणून आधीचा निकाल रद्द. कंपनीला हवं तर पुन्हा पहिल्यापासून दावा करता येईल. वकिलाने जेसनकडे बघितलं. जेसनने मान हलवली.

बाहेर तन्मयने मला बाकावर बसवलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बराच वेळ. खांदे हलत होते. मी त्याला रुमाल दिला. लहानपणीही तो असाच भिंतीकडे बघून रडायचा.

तेवढ्यात जेसन आला. टाय सैल केलेला. "ऑन्टी, बॉस म्हणतात सगळं मागे घेतो. दंड नाही, खर्च नाही, माफीही नाही, तुम्हाला आवडत नाही म्हणून. इथे सही करा, फिनिश."

मी चष्मा लावला. वाहन, तारीख, स्थळ. कारण: ॲबंडन्ड. रद्द केले.

"हा शब्द अजून आहे."

"सिस्टीमच तशी, ऑन्टी. कारणाला दोनच ऑप्शन आहेत. ॲबंडन्ड, नाहीतर अनऑथराइज्ड. मला टाइप करता येत नाही, लिस्टमधून निवडावं लागतं."

तन्मय तोंड पुसत म्हणाला, "आई, पुरे आता. जिंकलीस तू."

"पेन आहे का?" मी जेसनला विचारलं.

"आहे."

"मग खोडा आणि हाताने लिहा."

"हाताने?"

"हाताने लिहिलेलं चालतं. ह्यांच्या बोटीचं सगळं लॉगबुक हाताने लिहिलेलं असायचं."

तन्मयने डोळे मिटले. जेसन लांब जाऊन फोनवर बोलला, चिनीमध्ये, बराच वेळ. दोनदा माझ्याकडे वळून बघितलं. परत आला, बाकावर माझ्या शेजारी बसला, फाइल मांडीवर घेतली आणि तो शब्द खोडला. "बोला. काय लिहू?"

मी सांगितलं, त्याने इंग्रजीत लिहिलं. चालक आजारी पडला. गाडी घरच्यांनी नेली.

"एवढंच?"

"एवढंच."

त्याने खाली सही केली, मी केली. मग बॅगेतून शिक्का काढून त्या ओळीवर मारला. जरा तिरका बसला. मी तसाच राहू दिला.

१५ एप्रिल, मंगळवार

रोस्लान सील काढायला आले. ईद होऊन गेली आहे, आज चहा घेतला. बेसनाचा लाडू दिला तर अर्धा खाऊन अर्धा टिश्यूत बांधून घेतला, बायकोला दाखवायला.

टीव्हीचा, सोफ्याचा कागद ओढून काढला. वेताच्या खुर्चीपाशी मात्र खाली बसले आणि नखाने हळूहळू सोलून काढला, वेत निघू नये म्हणून. म्हणाले, "ऑन्टी, वीस वर्षं हे काम करतो. हेही घ्या, तेही घ्या म्हणणारी माणसं मी बघितलेली नाहीत."

मी म्हटलं, "पटलं नाही तर पटलं नाही म्हणायचं."

"त्याबद्दल नाही म्हणत," ते म्हणाले. जाताना लोखंडी दार ओढून घेताना विचारलं, "मुलगा येतो ना भेटायला?" येतो म्हटलं.

रात्री तन्मयचा फोन. "मग आता शनिवारी माणसं सांगू का?"

"सांग. व्यायामाची सायकल ने. तिच्यावर कोणी बसत नाही. बाकी राहू दे."

"आणि तू?"

"मी पण राहते."

मला वाटलं, आता भांडेल. मी तयारीत होते. "बरं," तो म्हणाला. "शनिवारी जेवायला मीच येतो. काय करशील?"

मी आमटी-भात म्हटलं. इरासाठी बटाट्याची भाजी.

१६ एप्रिल, बुधवार

सकाळी मॅडम कोहचं भांडं परत केलं. रिकामं कसं द्यायचं म्हणून लाडू घातले.

दुपारी पोळ्या करायचा कंटाळा आला. खाली हॉकर सेंटरला, खाण्याच्या दुकानांच्या मंडईत, गेले. तिथे मी एकटी कधी जेवलेले नाही. हे टेबल धरून बसायचे आणि मी रांगेत उभी राहायची, किंवा उलट. जेवणाची वेळ, ऑफिसवाल्यांची गर्दी, एकही जागा दिसत नव्हती. एक टेबल रिकामं झालं. रांगेत गेले असते तर टेबल गेलं असतं, टेबलाशी बसले असते तर डोसा कोणी आणून दिला नसता.

शेजारच्या टेबलावर खुर्चीसमोर टिश्यूचं पाकीट होतं. इथे जागा अशी धरतात. इतकी वर्षं बघितलंय, स्वतः कधी केलेलं नाही. पर्समधून पाकीट काढलं, टेबलाच्या मधोमध ठेवलं. मग एकाच खुर्चीसमोर सरकवलं आणि रांगेत जाऊन उभी राहिले.

रांग मोठी होती. दोन-तीनदा वळून बघितलं. एक म्हातारे गृहस्थ ट्रे घेऊन टेबलापाशी आले, पाकीट बघितलं, आणि समोरच्या बाजूला बसले. माझी जागा तशीच होती.

डोसा घेऊन आले, बसले. त्यांनी मान हलवली, मीही हलवली. सांबार तिखट होतं. सगळं संपवलं, पाकिटातला एक टिश्यू काढून बोटं पुसली, आणि ट्रे उचलून भांडी ठेवायच्या जागी नेऊन ठेवला.